गियूरनंतरचं नाव : बेथ दीनच्या कागदावरचं आणि आधारकार्डावरचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले, आई हिंदू. आता ऑर्थोडॉक्स पद्धतीनं गियूर, म्हणजे ज्यू धर्मातला रीतसर प्रवेश, चालू आहे आणि पुढे इस्रायलला स्थायिक होण्याचा विचार आहे. अशा मुलीला नाव बदलावंच लागतं का? हिब्रू नावात वडिलांचं नाव लावता येतं का? आणि आधार, पासपोर्ट, दहावीची सनद यांचं काय करायचं?

आधी घाईची गोष्ट, कारण ती उशिरा कळून उपयोग नसतो. राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज अजून भरला नसेल, तर तूर्त भरू नका. इस्रायलच्या परतीच्या कायद्यात १९७० साली दुरुस्ती झाली आणि ज्यू व्यक्तीच्या मुलांना व नातवंडांनाही स्थलांतराचा हक्क मिळाला. म्हणजे तुमचा तिथे जाण्याचा हक्क गियूरवर अवलंबून नाही, वडिलांवर अवलंबून आहे. तो सिद्ध करताना तुमच्या हातात काय असतं? जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, आणि या सगळ्यांवर मधलं नाव वडिलांचं व शेवटी त्यांचं ते पेणकर, रोहेकर, झिराडकर असं आडनाव. वडिलांची सिनेगॉगमधली (ज्यू प्रार्थनामंदिरातली) नोंद आणि तुमचा दाखला या दोन टोकांना जोडणारा धागा हाच. तो तोडून 'सारा अव्राहम' असं नवं नाव घेतलं, तर प्रत्येक कागदासोबत राजपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि खुलासा जोडत बसावं लागतं. अर्ज बाद होतो असं नाही. पण जे सरळ होतं ते वाकडं होतं, आणि ते आपल्याच हातानं.

आता मूळ मुद्दा. धर्मांतरित माणसाची दोन नावं असतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. हिब्रू नाव बेथ दीनच्या (ज्यू धर्मन्यायालयाच्या) दाखल्यावर, सिनेगॉगमध्ये तोरावाचनाला, म्हणजे धर्मग्रंथाच्या वाचनाला बोलावताना, केतुबा या विवाहपत्रात, वेळ आलीच तर गेटमध्ये (घटस्फोटपत्रात), आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत आणि शेवटी थडग्यावर लागतं. कायदेशीर नाव सरकार, बँक, विद्यापीठ आणि विमानतळ यांच्यासाठी. पहिलं बदलल्यानं दुसरं आपोआप बदलत नाही, आणि बदलायला हवं असंही नाही. जवळजवळ सगळे घोळ एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेल्यानं होतात.

बेने इस्रायलींना हे नवं नाही. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणाऱ्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांना लोक समाजी हसाजी म्हणत. बापाचं आणि मुलाचं, दोघांचंही बायबलमधलं नाव कोकणी-मराठी वळणानं रुळलेलं. घरात आणि बाजारात एक, सेफर तोरासमोर (तोराच्या गुंडाळीसमोर) दुसरं, अशी ही जुनी वहिवाट आहे. पुढे ब्रिटिश काळात समाजीचे सॅम्युएल झाले, हिब्रू नाव तेच राहिलं.

नाव बदलणं सक्तीचं आहे का? धर्मशास्त्राच्या दृष्टीनं, नाही. गियूर पुरा होतो तो आज्ञा स्वीकारण्यानं, पुरुषाची सुंता किंवा ती आधीच झाली असेल तर थेंबभर रक्त काढण्याचा विधी यानं, आणि तीन जणांच्या बेथ दीनसमक्ष मिक्वेत (विधीच्या स्नानकुंडात) पूर्ण बुडी घेण्यानं. 'शुलखान आरुख' या धर्मनियमांच्या संहितेतल्या गियूरच्या नियमांत नवं नाव ही अट म्हणून येत नाही. बायबलमधल्या, बाहेरून येऊन ज्यू झालेल्या मवाबी रूथनं स्वतःचं नाव बदललं नाही आणि दावीद राजाची ती पणजी. तरीही आज जवळपास प्रत्येक बेथ दीन हिब्रू नाव मागतं, कारण त्याच्याशिवाय वर सांगितलेले कागद लिहिता येत नाहीत. बुडीनंतर जी प्रार्थना म्हणतात तिच्यातही 'इस्रायलमध्ये याचं नाव अमुक असो' अशी जागा असते. ती मोकळी ठेवता येत नाही.

आता 'बेन अव्राहम आविनु', स्त्रीसाठी 'बात अव्राहम आविनु', म्हणजे आपला पिता अब्राहाम याचा मुलगा किंवा मुलगी. बायबलमधल्या उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात अब्रामचा अब्राहाम होतो, तो अनेक राष्ट्रांचा पिता म्हणून. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याचा पिता तोच धरला जातो. मिश्नात, म्हणजे धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, एक वेगळा सूर आहे: धर्मांतरितानं पहिल्या फळांचं अर्पण आणावं, पण सोबतचं निवेदन म्हणू नये, कारण त्यात 'आमच्या पूर्वजांना' असे शब्द आहेत. जेरुसलेमच्या तलमुदात (मिश्नावरच्या चर्चाग्रंथात) रब्बी यहुदाच्या नावानं उलट मत येतं, आणि बाराव्या शतकात रामबामनं (मायमोनिडीजनं) ओवाद्या नावाच्या धर्मांतरिताला लिहिलेल्या पत्रात वाद मिटवला: 'आमच्या पूर्वजांचा देव' हे तूही म्हणायचंस, एक शब्दही न बदलता. तेव्हापासून प्रथा तीच आहे. कोणी तुम्हाला प्रार्थनेतले शब्द बदलायला सांगितले, तर हे पत्र त्यांना आठवून द्या.

'आविनु' हा शब्द लोक सर्रास गाळतात, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर. तोरावाचनाला बोलावताना नुसतं 'बेन अव्राहम' म्हटलं तरी पुष्कळ ठिकाणी चालतं. कोणाला आपला पूर्वेतिहास दर शनिवारी जाहीर व्हायला नको असेल तर ते रास्तच आहे, आणि धर्मांतरिताला त्याच्या आधीच्या आयुष्यावरून टोचणं तलमुदानंच मना केलं आहे. पण केतुबा आणि गेट यांत पूर्ण 'अव्राहम आविनु'च लिहून घ्या. अब्राहम हे चालू नाव आहे. 'रूथ बात अव्राहम' म्हणजे अब्राहम नावाच्या कुणा ज्यू गृहस्थाची मुलगी असाही अर्थ निघतो आणि कागद चुकीची वंशावळ सांगू लागतो. तसा अर्थ निघाला की पुढचे प्रश्न आलेच: हे अब्राहम कोण, त्यांचं लग्न कुठं झालं, ते कोहेन (वंशपरंपरेनं पुरोहित) होते का?

तुमच्या बाबतीत खरी कळ इथेच आहे. वडील ज्यू आहेत, त्यांचं हिब्रू नाव समजा शमुएल बेन दावीद आहे, आणि तुम्हाला 'बात शमुएल' व्हायचं आहे. ऑर्थोडॉक्स बेथ दीन ते लिहून देणार नाही. ज्यूपण आईकडून येतं. आई ज्यू नसेल तर धर्मशास्त्र वडिलांशीही वंशाचं नातं मानत नाही, आणि गियूर झालेला माणूस 'नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखा' धरला जातो. कानाला हे कठोर लागतं, विशेषतः ज्या घरात वडिलांनीच शुक्रवारच्या दिव्यांचं आणि किद्दुशचं (शब्बाथच्या द्राक्षरसावरच्या प्रार्थनेचं) वळण लावलं तिथे. पण यात वडिलांना नाकारणं नाही. त्याच शास्त्रात धर्मांतरितानं जन्मदात्यांचा अपमान करू नये, त्यांच्याशी आदरानं वागावं असंही बजावलेलं आहे. लग्नाच्या पत्रिकेवर आईवडिलांची नावं छापा, भाषणात घ्या, मुलांना सांगा. फक्त केतुबात ती येत नाहीत. वडील आजारी असतील तर प्रार्थनेत त्यांचं नाव त्यांच्या आईच्या नावासकट घ्यायचं, त्यात काही बदल नाही.

प्रागतिक (रिफॉर्म) पंथाच्या मंडळींत हा हिशेब वेगळा आहे. अमेरिकन रिफॉर्म रब्बींनी १९८३ साली ज्यू पित्याच्या मुलांनाही, ज्यू म्हणून वाढवलं असेल तर, ज्यू मानायचा ठराव केला. तिथे 'बात शमुएल' लिहिलं जातं. गियूर झाला तरी 'बात अव्राहम वे सारा' असं दोघांचं नाव घालण्याची पद्धत आहे. ते नाव त्या मंडळींत पूर्ण मान्य असतं. पण तोच कागद पुढे इस्रायलमध्ये लग्नासाठी रब्बिनेटपुढे (तिथल्या सरकारमान्य ऑर्थोडॉक्स रब्बींच्या संस्थेपुढे) नेला तर अडचण नावाची राहत नाही, गियूरच्या मान्यतेची होते. कुठल्या दाराशी जायचं आहे ते आधी ठरवा, नाव मग ठरतं.

नाव निवडणं. लोक यात महिनोन्महिने घालवतात आणि मग निम्म्या जणी रूथ किंवा सारा होतात. रूथ घ्यायला हरकत काहीच नाही. मात्र एकाच मंडळीत तीन 'रूथ बात अव्राहम आविनु' असल्या की कागदावर त्या एकसारख्या दिसतात, कारण वडिलांचं नाव ओळख पटवायला उरतच नाही. जन्मानं ज्यू असलेल्या दोन रूथ बापाच्या नावानं वेगळ्या होतात. तुम्हाला ती सोय नाही. म्हणून दोन शब्दांचं नाव घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे: रूथ येमिमा, सारा अविगाइल असं काही. पुरुषांत 'अव्राहम बेन अव्राहम आविनु' तर इतके आहेत की ते टाळलेलंच बरं. जुन्या काळी ओवाद्या हे नाव धर्मांतरितांत आवडतं होतं, कारण परंपरेनुसार तो संदेष्टा स्वतः अदोमी धर्मांतरित होता. रामबामला पत्र लिहिणारा ओवाद्या एक, आणि ११०२ साली धर्मांतर केलेला, इटलीतल्या ओपिदोचा नॉर्मन जोहानेस हा दुसरा. त्यानं स्वरांकित केलेलं हिब्रू गायन कैरोच्या गेनिझातल्या (सिनेगॉगच्या जुन्या कागदांच्या कोठारातल्या) कागदांत सापडलं. आज हे नाव क्वचित दिसतं, म्हणूनच ते चांगलं.

मराठी नावावरून हिब्रू नाव शोधायचे दोन रस्ते आहेत. अर्थावरून जायचं तर देवदत्तला नेतानेल किंवा मतित्याहू अगदी चपखल बसतं. आशाला तिक्वा, ज्योतीला मेइरा किंवा ओरा, मोत्याशी जोडलेल्या नावाला पेनिना, अशोकला मेनाखेम किंवा नाहूम म्हणजे सांत्वन करणारा. आवाजावरून जायचं तर काही नावं बदलायचीही गरज नाही. अमित हे आजच्या इस्रायलमधलं चालतं नाव आहे, मुलाचं आणि मुलीचंही. माया, मीरा, रीना तिथे आढळतात. दीना तर थेट तोरातली. अशा वेळी बेथ दीनला एवढंच विचारा की हे नाव हिब्रू म्हणून हिब्रू अक्षरांत दाखल्यावर लिहिणार का, की सोबत बायबलमधलं एखादं नाव जोडायला हवं. काही दायान (बेथ दीनचे न्यायाधीश) निव्वळ आधुनिक नावाला नाक मुरडतात. त्यांच्याशी वाद न घालता दुसरं नाव जोडून मोकळं व्हावं.

दैवतांची नावं हा वेगळा विषय. गणेश, लक्ष्मी, कृष्णा हे हिब्रू नाव म्हणून चालणार नाही हे उघड आहे. इतर देवांची नावं मुखी घेऊ नका, असं बायबलमधल्या निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात आहे. प्रश्न येतो तो कायदेशीर नावाचा. पासपोर्टवर लक्ष्मी असलेल्या बाईचा गियूर त्यामुळे अडत नाही, पण रोजच्या वापरात हिब्रू नाव आणा असं बरेच दायान सुचवतात. या सल्ल्यात तथ्य आहे, घाई मात्र नको. मर्दखय आणि एस्तेर ही दोन्ही नावं बाबेलच्या मर्दुक आणि इश्तारवरून आली असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्यांच्या नावावर पुरीमचा आख्खा सण उभा आहे.

टाळायचं काय? तोरातल्या दुष्टांची नावं. कोहेन आणि लेवी (पुरोहितांचा आणि मंदिरसेवकांचा वंश दाखवणारी) ही आडनावं, कारण धर्मांतरित माणूस तोरावाचनात सर्वसाधारण इस्रायल म्हणूनच उभा राहतो. भलत्या आडनावामुळे त्याला चुकून पहिल्या किंवा दुसऱ्या वाचनाला बोलावलं जातं आणि भर सभेत खुलासा करावा लागतो. आणि ज्याचा उच्चार तुमच्याच घरच्यांना जमणार नाही असं नाव.

उच्चारावरून रोमन लिपीची गंमत सांगायला हवी. हिब्रूतल्या खेत या अक्षराचा घशातला 'ख' रोमनमध्ये बऱ्याचदा 'सी-एच' असा लिहितात. खाना हे सुंदर नाव तसं लिहिलं की ठाण्यातला बँकेचा कारकून ते 'चना' वाचणार, वाचणारच. 'एच'नं सुरू होणारं स्पेलिंग घ्या. उलट एखाद्या छायाचं पासपोर्टवरचं स्पेलिंग 'सी-एच-ए-वाय-ए' असेल तर तिचं नशीब जोरावर आहे. इस्रायलमध्ये तेच स्पेलिंग खाया असं वाचतात, म्हणजे जिवंत, जीव असलेली. हिब्रू नाव खाया घेतलं की एकही सरकारी कागद न बदलता दोन्हीकडची सोय होते.

खरी काळजी घ्यायची ती हिब्रू स्पेलिंगची. आलेफ की आयिन, तेत की ताव, काफ की कूफ, हे देवनागरीतून किंवा रोमनमधून कळत नाही. योनातान आणि यहोनातान, एलिया आणि एलियाहू ही नावं ऐकायला जवळची, पण गेटमध्ये ती वेगळी धरली जातात. शेवटी 'हे' आहे की आलेफ, एवढ्यावरूनही दायान अडून बसतात. गियूरच्या दिवशी कोणी तरी तोंडी नाव विचारतो, लिहिणारा त्याला सुचेल तसं लिहितो, आणि वीस वर्षांनी ती चूक दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या दायानसमोर उघडी पडते. म्हणून बेथ दीनच्या किमान दोन आठवडे आधी आपल्या रब्बींकडून नाव हिब्रू अक्षरांत, स्वरचिन्हांसकट, एका कागदावर लिहून घ्या. त्याखाली पासपोर्टवरचं रोमन नाव जसंच्या तसं लिहा. हा कागद त्या दिवशी सोबत असू द्या आणि लेखनिकाच्या हातात द्या.

दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा, शुभेच्छा नंतर घ्या. त्यावर पाच गोष्टी हव्यात: पासपोर्टप्रमाणे जुनं नाव, शक्यतो पासपोर्ट क्रमांकासह, पूर्ण हिब्रू नाव 'आविनु'सकट, हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही तारखा, गाव आणि मिक्वेचं ठिकाण, तीन दायानांच्या सह्या आणि त्यांखाली वाचता येतील अशी नावं. तारखेत चूक होण्याचं कारण ठरलेलं आहे. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे संध्याकाळी उशिरा बुडी झाली असेल तर दोन तारखांमध्ये एका दिवसाची गफलत होते. जुन्या नावातली चूक आणखी नेहमीची. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीनपदरी असतं आणि दाखल्यावर हाक मारायचं नाव आणि आडनाव एवढंच येतं. मग पुढे कोणी तरी विचारतो की ही तीच बाई कशावरून. मूळ प्रती दोन मागा. एक घरी, एक वेगळ्या ठिकाणी. लॅमिनेशन करू नका. शिक्का आणि सही तपासायला मूळ कागद मोकळा लागतो.

केतुबात स्त्रीच्या बाबतीत आणखी एक फरक पडतो. वधूच्या नावापुढे जिथे 'बेथुल्ता' (कुमारिका) हा शब्द येतो, तिथे तीन वर्षांच्या वयानंतर गियूर झालेल्या वधूसाठी 'गियोर्ता' (धर्मांतरित) लिहितात आणि दोनशे झूझऐवजी (झूझ म्हणजे जुनं चांदीचं नाणं) शंभर झूझ ही रक्कम येते. मिश्नात हे असंच आहे. केतुबा मोठ्यानं वाचतात, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. काही रब्बी वाचताना तो शब्द हळू म्हणतात किंवा पुढे सरकतात. तुम्हाला तसं हवं असेल तर आधी सांगा. लिहिताना मात्र तो गाळायचा नाही. आणि लग्नाचा विचार कोहेन घराण्यातल्या मुलाशी असेल तर अडचण केतुबाच्या मजकुराची राहत नाही. धर्मांतरित स्त्री आणि कोहेन यांचं लग्न ऑर्थोडॉक्स रीतीनं लागतच नाही. हे गियूर सुरू करतानाच कळायला हवं.

गेटमध्ये नावाचा काटेकोरपणा कळसाला जातो. बारा ओळींचा कागद, आणि त्यात नाव चुकलं तर गेटच निकामी ठरू शकतो. म्हणून दायान खोदून खोदून विचारतात: तोरावाचनाला काय नावानं बोलावतात? आई काय म्हणते? कचेरीत काय म्हणतात? सही काय करतोस? गियूरनंतरही लोक जुन्या नावानं हाक मारत असतील तर तेही 'ज्याला अमुक म्हणतात' असं जोडून लिहितात. एखाद्या गावात तीस दिवस माणूस एका नावानं ओळखला गेला की ते त्याचं नाव धरायचं, असा दंडक आहे. जुनं नाव लपवू नका. लपवलेलं नाव पुढे कुठून तरी निघतंच, आणि तोवर दुसऱ्या लग्नाची तारीख ठरलेली असते.

आता सरकारी बाजू, आणि फक्त ज्यांना खरोखर कायदेशीर नाव बदलायचंच आहे त्यांच्यासाठी.

महाराष्ट्रात नावातील बदलाची जाहिरात शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये येते, अर्ज ऑनलाइन होतो. तिथे नावातील बदल, धर्मातील बदल आणि जन्मतारखेतील बदल हे वेगवेगळे प्रकार आहेत. लोक उत्साहात नाव आणि धर्म दोन्ही एकदम बदलतात. थांबा. धर्मबदलाला कायद्याची शेपटं आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. ज्यू झाल्यावर तो राहत नाही. हिंदू विवाह कायद्यात जोडीदारानं धर्म बदलणं हे घटस्फोटाचं कारण ठरतं. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर जन्मलेली मुलं हिंदू नातलगांच्या वारशाला अपात्र ठरतात, वारसा उघडतेवेळी ती स्वतः हिंदू असतील तरच अपवाद. धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वारसाहक्क त्या कलमानं जात नाही, पण आजोळची जमीन सामाईक असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. काही राज्यांत धर्मांतराआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. हिब्रू नाव घेणं ही मात्र मंडळीच्या आतली गोष्ट आहे, त्याची सरकारदरबारी नोंद लागत नाही.

अर्ज भरताना सर्वांत मोठी चूक मधल्या नावाची. मराठी माणसाला नाव, बापाचं नाव, आडनाव ही मांडणी इतकी अंगवळणी पडलेली असते की 'बात अव्राहम' दिसलं की तो मधल्या रकान्यात अव्राहम लिहून मोकळा होतो. तसं करू नका. सरकारसाठी वडील तेच, जन्मदाखल्यावरचे. मधल्या नावात अव्राहम आणि वडिलांच्या रकान्यात सॅम्युएल असा पासपोर्ट तयार झाला की व्हिसापासून वारसापर्यंत प्रत्येक ठिकाणी हे अव्राहम कोण, हा प्रश्न येतो. बदलायचंच असेल तर फक्त पहिलं नाव बदला. त्याहून सोपं म्हणजे जुन्या नावापुढे नवं जोडा.

क्रम असा ठेवा: राजपत्र, मग आधार, पॅन, पासपोर्ट, बँक, मतदार यादी. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच नेहमीच्या रीतीनं बदलता येतं, तिसऱ्या वेळेला अपवादाची वाट धरावी लागते. लग्न वर्षभरात ठरणार असेल तर आडनाव आणि नाव एकदमच उरका. दहावीची सनद आणि पदवी तशीच राहू द्या; राजपत्राची प्रत जोडली की काम भागतं. प्रत्येक ठिकाणी रोमन स्पेलिंग अक्षरशः तेच. एका जागी याकोव 'सी'नं आणि दुसरीकडे 'के'नं लिहिलं की दोन माणसं झाली.

इस्रायलला जायचं नक्की असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे इथे काहीच न बदलणं. तिथल्या १९५६ च्या नाव कायद्यानुसार प्रौढ व्यक्तीला पहिलं नाव आणि आडनाव बदलता येतं. एकदा बदललं की सात वर्षांत पुन्हा बदलायला मंत्र्याची परवानगी लागते, म्हणून पहिल्या आठवड्यात झटक्यात ठरवू नका. तिथल्या नोंदणीत तुमचं भारतीय नाव हिब्रू अक्षरांत उतरवताना अधिकाऱ्याला स्पेलिंग स्वतः द्या, नाही तर तो कानावर पडेल ते लिहील. दाखल्यावरचं हिब्रू नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच हवं असा नियम नाही. इस्रायलमध्ये '-कर'वाली आडनावं आजही फोनच्या यादीत आहेत, कोणाचं काही बिघडलेलं नाही.

धर्मांतरितांच्या नावांची जुनी दोन उदाहरणं बोलकी आहेत. १७८० च्या लंडनमधल्या दंग्यांना ज्याचं नाव चिकटलं तो लॉर्ड जॉर्ज गॉर्डन १७८७ साली बर्मिंगहॅममध्ये ज्यू झाला, नाव घेतलं इस्रायल बेन अव्राहम. सरकारदप्तरी तो शेवटपर्यंत लॉर्ड जॉर्ज गॉर्डनच होता, १७९३ साली न्यूगेटच्या तुरुंगात वारला तोवर. फिलाडेल्फियाचा वॉर्डर क्रेसन १८४८ साली जेरुसलेममध्ये मायकेल बोआज इस्रायल झाला. घरच्यांनी त्याला वेडा ठरवायला कोर्टात खेचलं, आणि १८५१ साली तो जिंकला.

दत्तक मुलांचा प्रश्न जोडूनच येतो. दत्तक बाळाचा गियूर केला तर नावात पालक-पित्याचं नाव चालतं का यावर मतं वेगळी आहेत. वाढवणारा तोच बाप या आधारावर बरेच रब्बी हाक मारताना चालवून घेतात. केतुबा आणि गेटमध्ये 'ज्यानं वाढवलं' असा शब्द जोडायला लावतात किंवा अव्राहम आविनु लिहितात. पालक-पिता कोहेन किंवा लेवी असेल तर जास्त जपा, कारण तो दर्जा दत्तक मुलाला येत नाही. शिवाय लहानपणी गियूर झालेल्या मुलाला वयात येताना, मुलाला तेराव्या आणि मुलीला बाराव्या वर्षी, तो नाकारायचा हक्क असतो. म्हणजे त्याआधी त्याला सगळं सांगावंच लागतं, नावासकट.

आणि तुमच्या स्वतःच्या पुढच्या मुलांचं: गियूरनंतर ज्यू नवऱ्यापासून झालेली मुलं नवऱ्याच्या नावानं 'बेन' किंवा 'बात' लावतात, त्यांच्या नावात अव्राहम आविनु येत नाही. तुमचं नाव मात्र त्यांना लागतं. आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेत माणूस आईच्या नावानं ओळखला जातो, तेव्हा मुलांना तुमचं दोन शब्दांचं हिब्रू नाव पूर्ण आणि त्याच क्रमानं पाठ करून ठेवा.